भूलतज्ज्ञापाशी काही लपवू नये

तीन वर्षांपूर्वी, सुगी तोंडावर आली असता, आमच्या थोरल्या बंधूंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया बेळगावातील एका रुग्णालयात ठरली. तारीख मिळण्यास तीन आठवडे लागले होते. घरची दुभती म्हैस शेजाऱ्यांच्या स्वाधीन करून वहिनी आदल्या दिवशीच रुग्णालयात येऊन राहिल्या होत्या, आणि सोबतीला आम्ही होतो. मध्यरात्रीनंतर रुग्णाने काहीही खाऊ नये, असे सिस्टरांनी रात्रीच बजावले होते. पहाटे सहाच्या सुमारास दादा कासावीस झाले. उठल्याबरोबर चहा घेण्याची त्यांची जन्माची सवय. “घोटभर चहाने काय होते रे?” असे ते म्हणाले, आणि आम्हासही वाटले की, चहा म्हणजे काही जेवण नव्हे. फाटकापाशी असलेल्या टपरीवरून आम्ही स्वतः दुधाचा चहा आणि दोन बटर आणून त्यांच्या हाती दिले.

आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासणीस आल्या. त्यांनी नाडी पाहिली, तोंड उघडावयास लावले, आणि विचारले, “काका, सकाळपासून काही खाल्ले-प्यायले आहे का? चहा, दूध, बिस्किट?”

“नाही बाई, पाण्याचा थेंबसुद्धा नाही,” दादा म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही खिडकीकडे पाहिले. तारीख हातची जाईल, सुगीत पुन्हा यावे लागेल, वहिनींचा खोळंबा होईल, हे सारे विचार त्या एका क्षणात मनात आले, आणि आम्ही गप्प राहिलो.

नऊ वाजता दादांस ढकलगाडीवरून नेऊ लागले तेव्हा मात्र आमचा धीर सुटला. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आम्ही सिस्टरांना थांबविले आणि झाले ते सांगितले. बाई बाहेर आल्या. त्या रागावल्या नाहीत. “सांगितलेत हे बरे केलेत. आता दुपारी पाहू,” एवढेच बोलून आत गेल्या. दादांचा क्रमांक शेवटी लागला. दुपारी दोनपर्यंत त्यांनी आमच्याशी एक शब्दही बोलला नाही.

वाचकहो, हा प्रसंग सांगताना आम्हास भूषण वाटत नाही. परंतु आमच्या गावोगावच्या कुटुंबांत असेच घडत असते, हे आम्ही जाणतो. म्हणून भूल म्हणजे काय, ती देणाऱ्या औषधाचे गुण आणि दोष कोणते, आणि एक कप चहाचे एवढे महत्त्व का, याचा विचार आज करावयाचा आहे.

भूल मुख्यतः दोन प्रकारची असते. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. तीत रुग्ण जागा राहतो. दुसरी संपूर्ण भूल. तीत रुग्ण पूर्णपणे शुद्ध हरपतो. दादांना ही दुसरी द्यावयाची होती. अशा भुलेच्या आरंभी रुग्णास झोपविण्यासाठी आज जगभर जे औषध फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाते, त्याचे नाव प्रोपोफॉल. ते दिसावयास अगदी दुधासारखे पांढरे असते. याचे कारण असे की, हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते सोयाबीनच्या तेलात मिसळून, अंड्याच्या बलकातून काढलेल्या एका द्रव्याच्या साहाय्याने त्याचे दुधासारखे मिश्रण करतात. इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत जॉन ग्लेन नावाच्या संशोधकांनी १९७०च्या दशकात ते शोधून काढले. हे ग्लेन मूळचे पशुवैद्य. पहिले मिश्रण ज्या द्रवात केले होते, त्याने काही रुग्णांस तीव्र ॲलर्जी झाली, म्हणून ते बाजूस सारून तेलातील मिश्रण तयार करण्यात आले, आणि १९८६ साली ते रुग्णालयांत आले. या कार्याबद्दल ग्लेन यांना २०१८ साली अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या औषधाचा मोठा गुण म्हणजे त्याची त्वरा. हाताच्या शिरेतून ते दिले की, अर्ध्या ते एका मिनिटात मनुष्य झोपी जातो, आणि पुढे काहीच दिले नाही तर ५ ते १० मिनिटांत जागा होऊ लागतो. म्हणून शस्त्रक्रिया लांबणार असेल, तर तेच औषध संथपणे चालू ठेवतात किंवा श्वासावाटे दुसरे वायुरूप औषध देतात. जाग आल्यावर डोके बऱ्याच अंशी मोकळे असते, आणि इतर काही औषधांच्या मानाने मळमळ व ओकारी कमी होते. एक गोष्ट मात्र ध्यानात असावी. प्रोपोफॉल झोप आणते, वेदना शमवीत नाही. वेदनेसाठी निराळे औषध द्यावे लागते, आणि ते भूलतज्ज्ञ देतातच.

आता दोष पाहू. औषध शिरेत जाताना हातात जळजळ होते. तिला भिण्याचे कारण नाही. रक्तदाब खाली उतरतो, नाडी मंदावू शकते, आणि श्वास काही काळ थांबूही शकतो. वृद्ध, अशक्त आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांत हे अधिक होते, म्हणून त्यांना मात्रा कमी देतात आणि सावकाश देतात. कोणाचे हातपाय क्षणभर झटके देतात. क्वचित एखाद्याच्या लघवीस हिरवट रंग येतो, तो आपोआप जातो. अतिदक्षता विभागात हे औषध मोठ्या मात्रेने दीर्घकाळ चालू ठेवले असता, विशेषतः मुलांमध्ये, हृदय व स्नायू यांवर क्वचित गंभीर परिणाम होतो. म्हणून तेथे डॉक्टर फार जपून असतात. तेलातील मिश्रणात जंतू सहज वाढतात, यास्तव उघडलेली बाटली काही तासांत वापरून संपवावी लागते, नाहीतर टाकून द्यावी लागते.

या औषधाचा परिणाम उलटविणारा उतारा नाही. श्वास थांबला तर भूलतज्ज्ञ स्वतःच्या हाताने रुग्णाला श्वास देत राहतो, हाच त्यावर उपाय. म्हणून प्राणवायू, श्वास देण्याची साधने आणि शिकलेला माणूस जवळ असल्यावाचून ते कधीही देऊ नये. २००९ साली प्रख्यात गायक मायकेल जॅक्सन यांना त्यांच्या राहत्या घरी केवळ झोप यावी म्हणून हे औषध देण्यात आले, आणि त्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या डॉक्टरांना २०११ साली न्यायालयाने दोषी ठरविले. पैसा होता, डॉक्टर होता, औषधही अस्सल होते. परंतु अशा औषधाला जी साधने आणि जे अखंड लक्ष हवे, ते तेथे नव्हते.

लक्ष ठेवण्याची ही विद्या पूर्वीच्या लोकांनी मोठे मोल देऊन मिळविली आहे, आणि तिचा एक अध्याय आपल्या हैदराबादेत लिहिला गेला. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी ईथरची भूल जाहीरपणे देण्यात आली. पुढल्याच वर्षी एडिंबरो येथील डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्यानंतर थोड्याच अवधीत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमधील हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला की, या औषधाने आधी काय थांबते, श्वास की हृदय?

हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे मत असे की, श्वासावर नजर ठेवली म्हणजे पुरे, नाडी पाहण्याची गरज नाही. हे सिद्ध करण्यासाठी निजामांच्या आर्थिक साहाय्याने १८८८ साली आणि पुन्हा १८८९ साली तेथे क्लोरोफॉर्म मंडळे बसली. दुसऱ्या वेळी लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या वतीने डॉ. लॉडर ब्रंटन मुद्दाम आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि श्वासच आधी थांबतो, असा निर्णय देण्यात आला. याच हैदराबादेत शिकून क्लोरोफॉर्म देण्याच्या कामात प्रवीण झालेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची जगातील आद्य स्त्री-भूलतज्ज्ञांत गणना होते. मंडळाचा निर्णय मात्र अपुरा ठरला. १९११ साली इंग्लंडमधील डॉ. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म थोडेच दिलेले असतानाही हृदयाची गती एकाएकी बिघडून ते बंद पडू शकते. भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म आता वापरीत नाहीत. श्वास पाहावा, हे हैदराबादचे म्हणणे खरे होते. एवढेच पाहावे, हे खोटे होते.

आज भूलतज्ज्ञ दोन्हींवर नजर ठेवतो. बोटाला लावलेला चिमटा रक्तातील प्राणवायू आणि नाडी दाखवितो, छातीवरील तारा हृदयाची गती दाखवितात, दंडाची पट्टी रक्तदाब मोजते, आणि उच्छ्वासातील वायूही मोजला जातो. त्यामुळे चांगल्या प्रकृतीच्या मनुष्यास सुसज्ज रुग्णालयात भुलेपासून असलेला धोका आज फार थोडा उरला आहे. परंतु दादांच्या पोटात चहा आणि बटर आहेत, हे यांपैकी एकाही यंत्राने दाखविले नसते. ते फक्त आम्हीच सांगू शकत होतो.

पोटातील अन्नाचे एवढे भय का, ते ऐका. जागेपणी अन्नाचा कण श्वासनलिकेकडे वळला तर आपणास ठसका लागतो, आणि तो बाहेर पडतो. झोपेतही हा पहारा चालू असतो. भुलेत मात्र हा पहारा उठतो. जठराचे तोंडही सैल पडते. अशा वेळी पोटातील अन्न किंवा आंबट रस घशाशी आला, तर तो सरळ फुप्फुसात उतरतो. घन पदार्थाने मनुष्य गुदमरतो. आंबट रसाने फुप्फुस भाजून निघते. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली तेथील एका प्रसूतिरुग्णालयातील ४४,०१६ गर्भवतींची नोंद तपासून अशी ६६ उदाहरणे दाखवून दिली, आणि तेव्हापासून उपाशीपोटी भूल देण्याच्या नियमास बळकटी आली.

तो नियम सामान्यतः असा. भाकरी, भात, बिस्किट, दूध आणि दुधाचा चहा हे भुलेपूर्वी ६ तास बंद. तळलेले, तुपातले किंवा मांसाचे जेवण ८ तास बंद. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळास ४ तास आधी शेवटचे पाजावे. निव्वळ पाणी २ तास आधीपर्यंत घेता येते. रुग्णालयाने याहून वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे. पाठीतून भूल द्यावयाची असली तरीही नियम पाळावा, कारण आयत्या वेळी संपूर्ण भूल देण्याचा प्रसंग येऊ शकतो. घरातील आजीबाईंना आमची हात जोडून विनंती आहे की, नातवंड भुकेने रडते म्हणून त्याच्या मुखात लपूनछपून पेज घालू नये. त्या वेळी आजीची माया नातवंडाच्या जिवावर बेतू शकते.

या नियमाचा आपल्या धर्माचरणाशीही संबंध येतो. शस्त्रक्रियेपूर्वी पवित्र कम्युनियन घ्यावी, ही इच्छा योग्यच आहे; ती आदल्या संध्याकाळी घ्यावी, किंवा सकाळी घ्यावयाची तर भूलतज्ज्ञांना विचारून. कम्युनियनपूर्वीचा उपास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. १९६४ पासून तो एका तासाचा झाला, आणि आजारी व वृद्ध यांना त्यातूनही सवलत आहे. परंतु चर्चने दिलेली सवलत जठराला ठाऊक नसते. दुसरे असे की, वेदना सोसणे हेच पुण्य, म्हणून भूल घेणे बरे नव्हे, असे काही वडील मंडळी मानतात. इटलीतील भूलतज्ज्ञांनी हाच प्रश्न पोप बारावे पायस यांना विचारला होता. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले की, वेदनाशमन नाकारण्याचे सरसकट बंधन ख्रिस्ती मनुष्यावर नाही. तेव्हा मनात भीती असेल, तर ती भक्तीच्या पदराआड न झाकता डॉक्टरांस सांगावी.

खाण्याखेरीज आणखी काय सांगावे? पूर्वी कधी भूल घेतली असेल, आणि तेव्हा काही त्रास झाला असेल, तर तो सांगावा. आईवडील, भावंडे यांपैकी कोणास भुलेत ताप चढला, जाग येण्यास फार वेळ लागला किंवा मृत्यू आला असेल, तर तेही सांगावे. काही दोष घराण्यात चालत येतात. दमा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फेफरे, रात्रीचे मोठे घोरणे, गरोदरपण, यांपैकी काही लपवू नये. चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्या. वैदूचे चूर्ण असेल तर तेही. कोणती गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी आणि मधुमेहाची वा रक्त पातळ करणारी कोणती बंद ठेवावी, हे डॉक्टरच ठरवितील. अंडी किंवा सोयाबीन यांची ॲलर्जी असल्यास सांगावी. अंड्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना प्रोपोफॉल चालते, तरी निर्णय भूलतज्ज्ञांचा.

दारू, विडी, तंबाखू आणि मिसरी यांविषयी तर लोक हमखास खोटे बोलतात, विशेषतः सून किंवा फादर जवळ उभे असले म्हणजे. रोज दारू घेणाऱ्यास औषधाची मात्रा निराळी लागू शकते, आणि ती एकाएकी सुटल्याने शस्त्रक्रियेनंतर थरकाप व भ्रम होऊ शकतो. विडी ओढणाऱ्यास श्वासाचा त्रास अधिक. ती काही आठवडे आधी सोडावी हे उत्तम. तेवढे जमले नाही तर निदान आदल्या दिवशी तरी सोडावी. चारचौघांत सांगण्याची लाज वाटत असेल, तर डॉक्टरांना एकान्तात बोलण्याची विनंती करावी. आपली अब्रू राखणे हे त्यांच्या पेशाचे कर्तव्यच आहे.

कवळी काढून ठेवावी, हलणारा दात दाखवून द्यावा, नखांचा रंग पुसावा, कारण बोटाच्या चिमट्यास त्याचा अडथळा होतो. बांगड्या आणि गळ्यातील क्रूस घरच्यांकडे द्यावे.

भूल उतरल्यावरही २४ तास सांभाळावे लागते. मनुष्य चालतो, बोलतो, परंतु त्याचा निर्णय आणि हाताचा वेग मूळपदावर आलेला नसतो. त्या काळात मोटारसायकल चालवू नये, कडबा कापण्याच्या यंत्रापाशी जाऊ नये, बाईमाणसाने एकटीने चुलीपाशी बसू नये, दारूला शिवू नये, आणि कोणत्याही कागदावर सही वा अंगठा करू नये. जमिनीचा कागद तर मुळीच पुढे करू नये. रात्री एक जाणते माणूस जवळ असावे. अंगावर पाजणारी आई नीट जागी झाली, म्हणजे डॉक्टरांस विचारून बाळास घेऊ शकते. म्हातारी माणसे एकदोन दिवस गोंधळतात, रात्री कोठे आहोत हे विसरतात. त्यांना वेड लागले असे समजून घाबरू नये. चष्मा द्यावा, कानाचे यंत्र द्यावे, ओळखीचा आवाज जवळ असावा, आणि डॉक्टरांस कळवावे. श्वास घेताना धाप लागली, ओकारी थांबेना किंवा रुग्ण जागा करूनही जागा होईना, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दादांची शस्त्रक्रिया दुपारी यथासांग पार पडली. संध्याकाळी डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न केला, “झाले का?” झाले, असे आम्ही सांगितले. थोड्या वेळाने बाई फेरीवर आल्या, तेव्हा त्यांनी क्षीण आवाजात स्वतःहून सांगितले, “बाई, सकाळी मी खोटे बोललो.” बाई म्हणाल्या, “मला कळले, काका. तुमच्या भावाने सांगितले.” दादांनी आमच्याकडे पाहिले आणि हात पुढे केला.

तो हात हाती घेताना आम्हास एकच गोष्ट सलत होती. दादांनी एकदा खोटे सांगितले होते. परंतु चहा आणून देणारे आम्ही होतो, आणि बाईंनी पाहिले तेव्हा मान वळविणारेही आम्हीच होतो. वाचकहो, रुग्ण घाबरलेला असतो, तहानलेला असतो, त्याच्याकडून चूक होऊ शकते. सोबत्याने ती करू नये. आपल्या घरातील कोणास भूल द्यावयाची असेल, त्या दिवशी डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचा भार सोबत्याने आपणावर घ्यावा. तारीख पुन्हा मिळते. सुगीही पुढील वर्षी पुन्हा येते.